फीबीचे वारसदार

ह्यू मॅक्क्रेडीची गोष्ट हेमांगीला आता झोपेतही म्हणून दाखवता आली असती. लग्न करून ती या घरात आली तेव्हा पहिल्याच जेवणाला सासूने, म्हणजे मार्जोरीने, ती सांगितली होती. त्यानंतर दर नाताळला, दर वाढदिवसाला, पाहुणा आला की पाहुण्याला आणि नाही आला तर घरच्यांनाच ती सांगितली जायची. ह्यूचे पूर्वज स्कॉटलंडचे. तिथून ते उत्तर आयर्लंडात, अल्स्टरला गेले. तिथल्या जमीनदाराने खंड वाढवत वाढवत जीव नकोसा केला, तेव्हा ह्यू बायकोला घेऊन जहाजात बसला, फिलाडेल्फियाला उतरला आणि गाडीवाटेने दक्षिणेकडे सरकत सरकत व्हर्जिनियातल्या शेनान्डोआच्या खोऱ्यात येऊन ठेपला. साल १७३८. जवळ एक कुऱ्हाड, एक बायबल आणि मार्गारेट. समोर नुसतं जंगल.

"आणि मग," इथे मार्जोरी स्वतःचे दोन्ही हात वर करून दाखवायची, "या दोन हातांनी त्याने घर बांधलं!"

हात मार्जोरीचे, नेलपॉलिश लावलेले, पण आविर्भाव थेट ह्यूचा.

ते घर अजून उभं होतं. ड्रमोर गावाबाहेरच्या टेकडीवर, ओंडक्यांचं, एका खोलीचं, वर पोटमाळा. मॅक्क्रेडी वारसा मंडळ त्याची निगा राखायचं आणि मंडळाची अध्यक्ष अर्थातच मार्जोरी. आता २०३८ साल उजाडलं होतं. त्रिशताब्दीचा मोठा सोहळा व्हायचा होता, घराच्या मागच्या उतारावर पाहुण्यांसाठी स्वागतभवन बांधायचं होतं, आणि त्या भवनात एक फलक लावायचा होता की विज्ञानानेही आता सिद्ध केलं आहे, हे घर ह्यूच्याच हातचं. त्यासाठी विज्ञान घरातच उपलब्ध होतं. सून.

हेमांगी वालावलकर, आडनाव तिने बदललं नव्हतं, तिथल्या विद्यापीठात मातीतला डीएनए वाचायची. यंत्र तिनेच तिच्या गटाबरोबर घडवलं होतं. त्याचं नाव तिने हौसेने 'मृद्वाचक' ठेवलं होतं आणि तिथल्या एकाही माणसाला ते धड म्हणता येत नसल्याने सगळे त्याला 'म्रिडी' म्हणायचे.

घर बघायला तिच्याआधी अनेक तज्ज्ञ येऊन गेले होते. सगळे ओंडके बघून गेले. कुऱ्हाडीचे घाव कसे आहेत, कोपऱ्यातले सांधे कसे बसवलेत, झाड कुठल्या साली पाडलं असेल. ओंडक्यांच्या मधल्या फटी ज्या चिखलाने बुजवल्या होत्या त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. हेमांगी आत शिरली आणि तिची नजर आधी तिथेच गेली. चुन्याचा पोपडा सुटला होता तिथे वाळक्या मातीवर बोटांचे अर्धगोल उमटलेले होते, एकापुढे एक, एकाच लयीत. वेंगुर्ल्याला त्यांच्या मांगराच्या, शेतावरच्या खोपटाच्या, कुडाला पावसाळा संपला की चिखल लिंपायचा असायचा. आई आणि दोन्ही काकवा पदर खोचून बसायच्या, लहानपणी तीही हात मारायची. पुरुष खांब उभे करून मोकळे व्हायचे. घर उभं राहतं ते खांबांवर, पण घरात राहता येतं ते लिंपणामुळे, आणि लिंपणाची गोष्ट नाताळच्या जेवणाला कोणी सांगत नाही.

"ही ह्यूची बोटं!" मार्जोरी गहिवरून म्हणाली.

"फार बारीक आहेत," हेमांगी म्हणाली. "बाईची असावीत."

"मग मार्गारेटची," मार्जोरी तितक्याच गहिवराने म्हणाली.

माणूस उघड्या हाताने चिखल दाबतो तेव्हा त्याचा घाम, खरचटलेल्या कातडीचे कण, भेगांमधलं थोडं रक्त त्या चिखलात जातं. त्यातल्या पेशींमध्ये डीएनए असतो. उघड्यावर तो लवकर नासतो. पण चिकणमातीचा प्रत्येक कण म्हणजे वहीच्या पानांसारखे एकावर एक रचलेले अतिशय पातळ पापुद्रे असतात, आणि त्या पापुद्र्यांना डीएनएचे तुकडे घट्ट चिकटून बसतात. माती वाळली, वरून चुन्याचा हात बसला आणि आत पाणी शिरलं नाही, तर ते शेकडो वर्षं तिथून हलत नाहीत. आजवर अडचण हीच होती की ते सोडवू गेलं तर तुटून जायचे. मृद्वाचकात समुद्राच्या तळच्या एका जीवाणूपासून घेतलेलं विकर, म्हणजे एन्झाइम, वापरलेलं होतं. ते पापुद्रे अलगद उकलायचं. सुटलेले कोट्यवधी तुकडे मग संगणक एकमेकांशी ताडून बघायचा आणि त्यातून एक माणूस उभा करायचा. चेहरा नाही, नाव नाही. कोण पुरुष, कोण बाई, कोणाचे पूर्वज कुठल्या मुलखातले आणि कोण कोणाचं मूल, एवढं मात्र चोख.

ह्यूच्या घरातल्या मातीत ह्यू नव्हता. अल्स्टरमध्ये राहिलेल्या मॅक्क्रेडींवरून त्याच्या पुरुषवंशाची खूण हेमांगीला ठाऊक होती, ती कुठल्याही भिंतीत सापडली नाही. सापडली ती एकच बाई, आणि तिचे पूर्वज पश्चिम आफ्रिकेतले होते. असा चिखल काही वर्षांनी भेगाळतो, मग त्यावर नवा थर देतात. सगळ्यात आतल्या थरात ती होती. त्याच्या वरच्या थरात ती होती. त्याच्याही वरच्या थरात तीच. चुलीकडच्या भिंतीला तर तिचे थर सगळ्यात जास्त होते.

ह्यूकडे गुलाम होते, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. मंडळाच्या पुस्तिकेत त्यांना 'घरकामाचे मदतनीस' म्हटलेलं होतं. मदतनीस! हेमांगीने ती पुस्तिका पहिल्यांदा वाचली तेव्हाच तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण तेव्हा ती नवी नवरी होती आणि नव्या नवरीने गिळायच्या गोष्टी सगळ्या देशांत सारख्याच असतात.

मार्जोरीला तिने निकाल सांगितला. मार्जोरी म्हणाली, "नमुना खराब असेल, हनी. पुन्हा घे."

त्याच आठवड्यात मिस ओडेला प्रयोगशाळेत आल्या. ओडेला फील्ड्स, वय सत्तरीच्या पुढे, गावातल्या काळ्या वस्तीतल्या चर्चच्या जुन्या सभासद. सगळं गाव त्यांना मिस ओडेलाच म्हणायचं. ह्यूच्या घरामागच्या उतारावर, जिथे स्वागतभवन व्हायचं होतं, तिथे गवतात काही ओबडधोबड दगड रोवलेले होते. नाव नाही, साल नाही. ती गुलामांची दफनभूमी, असं मिस ओडेलांच्या लोकांचं म्हणणं होतं. त्यांच्या आजीच्या आजीपासून ती माणसं वसंतात आणि शरदात तिथे जाऊन गवत काढायची, पडलेले दगड उभे करायची. जागा मॅक्क्रेडींची, त्यामुळे आधी परवानगी मागायची.

"वरच्या कोपऱ्यातल्या सीडरच्या झाडाखाली फीबी आहे," मिस ओडेला म्हणाल्या. "आम्ही तिला आन्ट फीबी म्हणतो. तिला मुलगा झाला. तो मालकाचा होता. मालकिणीला मूल नव्हतं, म्हणून तो तिच्याकडून काढून घेतला आणि पुढच्या, मालकाच्या घरात नेला. फीबीला त्या घरात पाऊल टाकायची बंदी होती. फक्त भिंती लिंपायला बोलवायचे तेव्हाच आत जाता यायचं. म्हणून ती मुद्दाम पाणी जास्त घालून चिखल कालवायची. लवकर भेगाळायचा. म्हणजे पुन्हा बोलवणं."

हेमांगीने पडद्यावर थरांचं चित्र उघडलं आणि मिस ओडेलांना दाखवलं. थरामागून थर. इतके थर कशाला, हा प्रश्न तिला पडला होता आणि तिने तो ओल्या हवेवर ढकलला होता.

मिस ओडेला म्हणाल्या, "ती गोष्ट खरी आहे, हे आम्हाला माहीत होतं. तुम्हाला आता कळलं."

त्यांचं काम वेगळंच होतं. मृद्वाचकासारखी यंत्रं आल्यावर तीन वर्षांपूर्वी 'वंशजसंमती कायदा' झाला होता. एरवी अनोळखी कबरींना कोणी हात लावू शकत नव्हतं. पण एखाद्या दफनभूमीतल्या माणसाचे वंशज यंत्राने सिद्ध झाले, तर निर्णय त्यांचा. सगळ्या वंशजांनी एकमुखाने होकार दिला तर कबरी हलवून जागा मोकळी करता यायची, एकानेही नकार दिला तर नाही. कायदा करणाऱ्यांचा हेतू चांगला होता. ज्यांची माणसं, त्यांनाच विचारा. मंडळाने स्वागतभवनासाठी अर्ज केला होता आणि मिस ओडेलांना त्यात नकार नोंदवून तो प्रश्न कायमचा मिटवायचा होता. त्यासाठी त्यांना फीबीचं नातं सिद्ध करून हवं होतं.

"आम्ही तिची माणसं," त्या म्हणाल्या. "तुमचं यंत्र हे सांगेल ना?"

"यंत्र खोटं बोलत नाही," हेमांगी म्हणाली. किती थाटात म्हणाली! त्या वाक्याची तिला पुढे इतकी लाज वाटली की आठवलं की ती एकटी असली तरी मान खाली घालायची.

मिस ओडेलांनी आणि त्यांच्या नातेवाइकांनी थुंकीचे नमुने दिले. हेमांगीने कबरींमधली माती काढली. खालच्या बाजूला ओल होती, तिथे काहीच उरलं नव्हतं. वरच्या कोपऱ्यातली, सीडरखालची माती मात्र घट्ट चिकण होती. तिथे निजलेली बाई आणि भिंत लिंपणारी बाई एकच, यात शंका उरली नाही. मंडळाच्या काचपेटीत ह्यूचा एकुलता मुलगा विल्यम याचे केस एका लॉकेटमध्ये जपून ठेवलेले होते. आजचे सगळे मॅक्क्रेडी त्या विल्यमपासूनचे. हेमांगीने त्यातला एक केस मागून घेतला. विल्यमचा बाप मॅक्क्रेडी. विल्यमची आई मार्गारेट नव्हे. फीबी.

आणि मिस ओडेलांचं फीबीशी कसलंही नातं निघालं नाही. त्यांचं नाही, त्यांच्या भावंडांचं नाही, चर्चमधल्या एकाचंही नाही. फीबीला एकच मूल झालं होतं आणि ते पुढच्या घरात गेलं होतं. पुढे जी माणसं पिढ्यानपिढ्या तिच्या कबरीवरचं गवत काढत आली ती तिची कोणीच नव्हती. निदान यंत्राच्या भाषेत. यंत्राच्या भाषेत तिचे सख्खे वारस होते मॅक्क्रेडी. हेमांगीचा नवरा रॉस. त्याचा भाऊ, त्याचे चुलते. तिची स्वतःची अकरा वर्षांची मुलगी सई.

निकाल दडवायची सोय नव्हती. दफनभूमीचा तपास एकदा सुरू झाला की प्रयोगशाळेने मिळेल ते सगळं परगण्याच्या कार्यालयात द्यायचं, असं कायद्यातच होतं.

रविवारच्या जेवणाला मार्जोरीकडे सगळे जमले होते. हेमांगीने तिथेच सांगून टाकलं. तिला वाटत होतं की आता मोठा गदारोळ होणार. मनातून तिला तो हवाही होता. तीनशे वर्षांच्या त्या दोन हातांची रेवडी उडताना बघायची तिला घाई झाली होती.

मार्जोरीने सुरी खाली ठेवली. तिचे डोळे भरून आले. तिने दोन्ही हात छातीवर धरले.

"म्हणजे फीबी आपली!" ती म्हणाली. "आपल्या रक्ताची! ओ रॉस, तुझ्या वडिलांना हे कळायला हवं होतं."

मार्जोरी उठून खोलीत फेऱ्या मारायला लागली होती. तिला फलक दिसायला लागला होता, पाहुणे दिसायला लागले होते, कॅमेरे दिसायला लागले होते. "एक आई, जिची कोणी दखल घेतली नाही! आपण तिला घरी आणायचं. तिथे गवतात का पडून राहावं तिने? आपल्या घराण्याच्या दफनभूमीत संगमरवराचा दगड बसवायचा. ह्यूच्या शेजारी."

"ह्यूच्या शेजारी?" हेमांगीने विचारलं.

"त्याच्या मुलाची आई आहे ती."

"त्याने तिला विकत घेतलं होतं, मार्जोरी. तिचं मूल ओढून नेलं. आणि मेल्यावरसुद्धा तुम्ही तिला त्याच्याच बाजूला निजवणार?"

"हनी, तो काळच तसा होता. आणि सन्मान आहे हा. तू कशाला चिडतेस?"

रॉसने टेबलाखालून हेमांगीचा हात दाबला. हा त्याचा जुना उपाय. आई बोलायला लागली की बायकोचा हात दाबायचा आणि बायको बोलायला लागली की आईच्या ग्लासात पाणी ओतायचं. रॉस वाईट नव्हता. त्याला भांडण नको असायचं, इतकंच, आणि जगात अन्याय करणाऱ्यांना अशी माणसं फार सोयीची पडतात.

"आणि मिस ओडेला?" तिने विचारलं. "त्यांचं काय?"

"त्यांना समारंभाला बोलवू की," मार्जोरी म्हणाली. "पहिल्या रांगेत. पण आता त्यांचा तसा काही संबंध उरत नाही, नाही का? तूच सिद्ध केलंस."

घरी येताना गाडीत हेमांगी बडबडत राहिली आणि रॉस रस्त्याकडे बघत राहिला. निकाल लागला नसता तर त्या कबरी अनोळखी राहिल्या असत्या, त्यांना कोणाचा हात लागला नसता. आता त्यांना वारस मिळाला होता, आणि वारसाला तिथे इमारत बांधायची होती. बाईचं मूल घेतलं, कष्ट घेतले, गोष्टीतून तिला पुसून टाकलं. राहिली होती एक कबर, तेवढी घ्यायची बाकी होती, आणि ती घ्यायची वाट हेमांगीने आपल्या हाताने मोकळी करून दिली होती.

"तू सही करू नकोस," ती शेवटी म्हणाली. "एकाने नाही म्हटलं तरी पुरे आहे."

"आई कोलमडेल, हेमा," रॉस म्हणाला. "आणि खरंच, संगमरवरात काय वाईट आहे? तिला आता काय कळणार आहे?"

त्याने दुसऱ्याच दिवशी सही केली. तिला न सांगता.

वेंगुर्ल्याहून बाबांचा फोन आला तेव्हा तिला राहवलं नाही, तिने सगळं सांगितलं. बाबा निवृत्त मास्तर. वर्गात शुद्ध बोलायचे, घरात मालवणी.

"म्हंजे ती म्हातारी त्या बायची कोण नाय?" त्यांनी विचारलं.

"रक्ताची नाही, बाबा."

"कोण नाय कसा गो? जी थंय जाऊन गवत काढता, धोंडे उभे करता, ती कोण नाय, आणि जेंका कालपर्यंत तिचा नाव म्हायत नाय होता ते सगे? ह्यो खंयचो कायदो?" बाबांचा आवाज चढला. "आमी सर्वपित्रीक पानी सोडतंव मां, ता फकत आपल्याच मानसांका सोडतंव? जेंका कोण नाय तेंकाय सोडतंव. मगे ते आमचे जाले. असा आसता ता. आनी तुजो घोव काय म्हनता?"

"सही करून मोकळा झाला."

बाबांनी यावर जे म्हटलं ते जावयाच्या मानाला शोभणारं नव्हतं.

मिस ओडेलांकडे ती स्वतः गेली. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. दारातच उभं राहून तिने निकाल सांगितला. मिस ओडेलांनी तिला आत बोलावलं नाही.

"नातं नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या आजीने मला त्या झाडाखाली नेऊन सांगितलं, हिला सोडायचं नाही, हिचं पोरगं हिच्यापासून तोडलंय, आता आपणच हिचे. आणि तुमचं यंत्र म्हणतं नातं नाही."

"मला माफ करा."

"सुनावणीला मी येणार आहे," मिस ओडेला म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

सुनावणी परगण्याच्या कचेरीत होती. मार्जोरी पुढच्या रांगेत मोत्यांची माळ घालून बसली होती, शेजारी रॉस आणि झाडून सगळे मॅक्क्रेडी. मिस ओडेला चर्चमधल्या माणसांबरोबर मागे बसल्या होत्या. हेमांगी तज्ज्ञ म्हणून एका बाजूला. अधिकारी तरुण बाई होत्या, चष्म्यावरून बघणाऱ्या, कामाशी काम ठेवणाऱ्या.

मिस ओडेला बोलायला उठल्या. अधिकारीबाईंनी विचारलं, "मृत व्यक्तीशी तुमचं सिद्ध झालेलं नातं?"

"मी तिची कबर राखते."

"नातं, मॅम."

"तेच नातं."

"मला खेद वाटतो," अधिकारीबाई म्हणाल्या, आणि त्यांना तो खरंच वाटत असावा. "हा कायदा फक्त वंशजांचं म्हणणं ऐकतो."

मिस ओडेला लगेच खाली बसल्या नाहीत. त्या तशाच उभ्या राहिल्या आणि त्यांच्या मागची सगळी माणसंही एकेक करून उभी राहिली. अधिकारीबाईंनी डोळे खाली केले आणि पुढचं वाचायला घेतलं. हेमांगीने केलेल्या यंत्राचा निकाल समोर ठेवून या बाईला गप्प बसवलं जात होतं, आणि ती स्वतः तज्ज्ञाच्या खुर्चीत बिल्ला लावून बसली होती.

मग मार्जोरी उठली. "मंडळाची अध्यक्ष आणि मॅक्क्रेडी कुटुंबातली ज्येष्ठ म्हणून..."

"आपण जन्माने मॅक्क्रेडी आहात का?" अधिकारीबाईंनी विचारलं.

"माझे दिवंगत पती..."

"म्हणजे नाही. मग आपलंही म्हणणं मला नोंदवता येणार नाही. बसा."

मार्जोरीला आयुष्यात कोणी असं बसवलं नसावं. ती बसली, पण फार हळू. अधिकारीबाई एकेका वंशजाचं नाव घेत गेल्या. होकार, होकार, होकार. रॉस मॅक्क्रेडी, होकार.

"सई मॅक्क्रेडी. वय अकरा. अज्ञान वंशजासाठी दोन्ही पालकांचा होकार लागतो. वडिलांचा आहे. आईचा दिसत नाही."

खोलीत क्षणभर कोणालाच काही उमगलं नाही. हेमांगीलाही. कायदा तिने यंत्रापुरताच वाचला होता.

"ती घरचीच आहे," मार्जोरी बसल्या जागेवरून म्हणाली. "आत्ता देईल. हनी, हो म्हण."

रॉस तिच्याकडे बघत होता. त्याच्या नजरेत विनवणी होती, आणि ती विनवणी हेमांगीला नीट ओळखीची होती. भांडण नको. इतक्या वर्षांत तिने त्या नजरेसाठी किती घास गिळले होते.

ती उठली. बिल्ला काढून टेबलावर ठेवला.

"नाही," ती म्हणाली.

"हेमा," रॉस म्हणाला.

"माझ्या मुलीच्या वतीने मी नकार देते. फीबी जिथे आहे तिथेच राहील. तिच्या आजूबाजूला जी माणसं आहेत ती तिची माणसं आहेत. तिला विकत घेणाऱ्याच्या शेजारी तिला कोणी निजवायचं नाही, संगमरवराखाली नाही आणि सोन्याखालीही नाही. तुम्ही तिचं मूल नेलंत ते पुरे झालं."

"तुला काय अधिकार?" मार्जोरी ओरडली. मोत्यांची माळ तिने मुठीत धरली होती. "तू आमच्या रक्ताची नाहीस!"

"तुम्हीही नाही, मार्जोरी," हेमांगी म्हणाली. "आपण दोघी लग्न करून आलेल्या. फीबीला तर तेवढंही विचारलं नव्हतं."

अधिकारीबाईंनी नकार नोंदवला. अर्ज फेटाळला गेला. मार्जोरी रडत बाहेर पडली आणि रॉस तिच्यामागोमाग गेला, तिला सावरायला. जाताना तो हेमांगीजवळून गेला, पण थांबला नाही. त्याला दोघींच्या मधोमध कायमचं उभं राहता येणार नव्हतं हे त्याला त्या दिवशी कळलं असावं, आणि त्याने आईचा दंड धरला.

हेमांगी बाहेर पायऱ्यांवर आली तेव्हा मिस ओडेला तिथे उभ्या होत्या. बाकीची माणसं गाड्यांकडे गेली होती. हेमांगीला वाटलं, आता त्या हात हातात घेतील, काहीतरी बोलतील. तिलाच त्या वेळी कोणीतरी हात धरायला हवा होता.

"मी आभार मानणार नाही," मिस ओडेला म्हणाल्या.

"मानू नका."

"आमच्या इतक्या पिढ्यांच्या घामाला तिथे किंमत नाही. तुमच्या एका शब्दाला आहे. का, तर तुमच्या पोटी त्यांचं मूल आलं म्हणून. तुम्ही चांगल्या निघालात, ठीक आहे. वाईट निघाला असतात तर आम्ही काय केलं असतं?" त्यांचा आवाज कापत होता, पण म्हातारपणाने नव्हे. "फीबीला न्याय मिळाला असं आत कोणीतरी म्हणालं. हा न्याय नाही, डॉक्टर. हे नशीब आहे. आम्ही नशिबावर फार दिवस काढलेत."

हेमांगीने मान हलवली. ते सगळं खरं होतं, शब्दन् शब्द.

"तुमची मुलगी अठराची झाली की तुमचा नकार संपतो," मिस ओडेला म्हणाल्या. "मग तिला विचारतील. तिची आजी तिला लाडाने जवळ घेऊन विचारेल. तेव्हा ती काय म्हणेल?"

"मी तिला सगळं सांगेन."

"तुम्ही काय सांगणार? तुम्हाला थर माहीत आहेत." मिस ओडेला कठडा धरून एक पायरी उतरल्या, मग थांबून मागे वळल्या. त्यांचा राग जराही उतरला नव्हता. "फीबीची नात आहे ती. माझ्याकडे पाठवा तिला. मी सांगेन."